बांधावरून : उक्ते काम आणि सरकारी काम

मंडळी, 'सरकारी काम आणि सहा महिने थांब' ही म्हण आपल्याकडे शाळेत शिकवावी लागत नाही. सातबारा हवा म्हणून जावे, तर तलाठी भाऊसाहेब सज्जातल्या दुसऱ्या गावी गेलेले. दुसऱ्या दिवशी तालुक्याला मीटिंग. तिसऱ्या दिवशी भाऊसाहेब भेटले, तर दप्तर तहसीलात. उताऱ्याची फी ती काय! पण तीन दिवसांची बुडालेली मजुरी आणि एसटीचे भाडे धरले, तर तो कागद फार महागात पडायचा.

आता पुष्कळ गावांत हे चित्र बदलले आहे. स्टँडजवळच्या एका खोलीत संगणक, छपाईयंत्र आणि अंगठ्याचे यंत्र घेऊन एखादा तरुण बसलेला असतो. सातबारा, आठ-अ, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, पीकविम्याचा अर्ज ही सगळी कामे तिथे होतात. हा तरुण सरकारी नोकर नाही. खोलीचे भाडे, विजेचे बिल आणि यंत्रांचा खर्च तो स्वतः भागवतो. प्रत्येक कामामागे जे चार पैसे सुटतात, त्यावर त्याचे पोट चालते. म्हणजे काम सरकारचे आणि हात खासगी.

यावरून पारावर दोन तट पडतात. एक म्हणतो, "सगळंच खासगीकडं द्या, मग बघा कशी कामं पळतात." दुसरा म्हणतो, "खासगी म्हणजे लूट. सरकारी माणूस निदान हाताखालचा तरी असतो." मला विचाराल तर दोघांचेही म्हणणे अर्धेच आहे. उरलेले अर्धे समजून घ्यायला मोठी पुस्तके नकोत. आपण शेतात मजूर लावतो, तेवढा अनुभव पुरेसा आहे.

खुरपणी रोजाने की उक्ती?

खुरपणी रोजाने दिली तर काम सावकाश चालते. उक्ती दिली (काही भागांत याला गुत्ते म्हणतात) तर तेच काम झपाट्याने उरकते. एकराचा दर ठरला की बाया भल्या पहाटे येतात आणि ऊन तापायच्या आत रान मोकळे करतात. पण मालक बांधावर नसेल तर आठ दिवसांनी रानात जाऊन पाहावे. हराळी आणि लव्हाळा वरच्या वर कापलेला असतो, मुळ्या जागच्या जागी असतात आणि रान पुन्हा हिरवेगार झालेले असते.

मग आपण उक्ते द्यायचे सोडले का? नाही. सोयाबीनची काढणी, कांद्याची लागण, उसाची तोड ही कामे घाईची. ती उक्ती दिल्याशिवाय वेळेवर उरकत नाहीत. मात्र शहाणा घरधनी तीन पथ्ये पाळतो. काम नेमके काय, ते आधी सांगतो : खुरपणी मुळासकट झाली पाहिजे. पैसे देण्यापूर्वी सगळ्या ओळींतून स्वतः फिरतो. आणि काही कामे काहीही झाले तरी दुसऱ्याच्या हाती देत नाही. बियाण्याची निवड, औषधाचे माप आणि मालाचा काटा तो स्वतःकडे ठेवतो.

कापूसवेचणीचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. वेचणीचा दर किलोवर असतो. त्यामुळे लक्ष दिले नाही तर पाने, कवडी आणि दवाने ओला झालेला कापूसही पोत्यात जातो. यात वेचणाऱ्या बाईला दोष द्यायचे कारण नाही. पैसे वजनाचे ठरले, म्हणून वजन वाढले. ज्याचे माप लावाल तेच वाढते. सरकारी कामात खासगी हात घेताना हीच गोष्ट सर्वांत आधी ध्यानात ठेवली पाहिजे.

विहीर सरकारी, मोटर खासगी

या केंद्रांची सुरुवात फार जुनी नाही. २००६ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय ई-प्रशासन योजना मंजूर केली आणि देशभर एक लाख सामाईक सेवा केंद्रे उभारायचे ठरवले. ती स्थानिक तरुणांनी चालवायची आणि कमाई कामागणिक घ्यायची, अशी कल्पना होती. आपल्या राज्यात तहसील कार्यालयांतली सेतू केंद्रे होतीच. पुढे महा-ई-सेवा केंद्रे निघाली. २०१० साली महाराष्ट्र शासन आणि टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस यांनी मिळून महाऑनलाइन ही कंपनी स्थापन केली. आज यांतली बरीचशी कामे 'आपले सरकार सेवा केंद्र' या नावाखाली चालतात.

यात खासगी हाताने नेमके काय केले? त्याने निर्णय घेतला नाही, फक्त कागदाची ने-आण सोपी केली. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. तो केंद्रचालक छापून देतो खरा, पण त्याआधी तलाठ्यांनी सगळी जुनी दप्तरे संगणकावर चढवली, चुका दुरुस्त केल्या आणि उताऱ्यांवर डिजिटल सह्या केल्या. तलाठ्यांना आता आपण ग्राम महसूल अधिकारी म्हणतो. त्यांची ती काही वर्षांची मेहनत होती. विहीर सरकारने खोदली, मोटर केंद्रचालकाने बसवली, म्हणून आपल्या पाटात पाणी आले.

याची दुसरी बाजूही पाहा. विहिरीलाच पाणी नसेल तर मोटर काय ओढणार? वडील वारले आणि वारस नोंद झाली नाही, तर केंद्रात कितीही खेटे घातले तरी सातबाऱ्यावर मुलांची नावे येणार नाहीत. फेरफाराची नोंद झाल्यावर हरकतींसाठी पंधरा दिवसांची नोटीस असते. त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. हे पंधरा दिवस तुमच्या-माझ्या रक्षणासाठी आहेत. उद्या एखाद्या भावाने बहिणीचे नाव वगळून नोंद करायला घातली, तर तिला हरकत घ्यायला तेवढाच अवधी असतो. "जादा पैसे द्या, दोन दिवसांत फेरफार करून देतो" असे कुणी म्हणाले, तर तो वेग नव्हे, फसवणूक आहे असे समजावे.

पासपोर्टच्या तीन खिडक्या

खासगी हात कुठे लावावा आणि कुठे लावू नये, याचा एक चांगला नमुना आपल्या देशात आहे. गावाकडच्या मुलांना आखाती देशांत कामाला किंवा परदेशी शिकायला जायचे तर पासपोर्ट लागतो. पूर्वी त्यासाठी भल्या सकाळपासून रांगा लागत आणि दलालांचे चांगले फावत असे. २००८ साली परराष्ट्र मंत्रालयाने टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसशी करार केला आणि २०१० पासून पासपोर्ट सेवा केंद्रे सुरू झाली.

त्या केंद्रात ओळीने ए, बी आणि सी अशा तीन खिडक्या असतात. ए खिडकीवर कंपनीची माणसे बसतात. ती कागद तपासून घेतात, फोटो काढतात, बोटांचे ठसे घेतात. बी खिडकीवर सरकारी कर्मचारी मूळ कागद पडताळतो. सी खिडकीवर सरकारी अधिकारी पासपोर्ट द्यायचा की नाही ते ठरवतो. बसायची जागा, संगणक, रांगेचे नंबर आणि फोटो हे सगळे कंपनीकडे. मंजुरीची लेखणी मात्र सरकारकडे. काम कुठून कुठपर्यंत खासगी, याचा बांध इथे स्वच्छ घातलेला आहे. म्हणून कामाला वेग आला, आणि देशाचा नागरिक कोण हे ठरवण्याचा अधिकार कंपनीच्या हाती गेला नाही.

पीकविम्याने काय शिकवले

आता आपल्या घरच्या विषयाकडे येऊ. प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ च्या खरिपापासून सुरू झाली. त्यात शेतकऱ्याचा हिस्सा खरिपाला दोन टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी पिकांना पाच टक्क्यांपर्यंत होता. २०२३ च्या खरिपापासून आपल्या राज्य शासनाने हा हिस्सा स्वतः भरायचे ठरवले. शेतकऱ्याने फक्त एक रुपया द्यायचा. अर्ज भरून देणाऱ्या केंद्राला विमा कंपनीकडून दर अर्जामागे चाळीस रुपये मिळत.

हेतू चांगला होता आणि काम झपाट्याने झाले. खरीप २०२२ मध्ये सुमारे ९६ लाख अर्ज होते. खरीप २०२३ मध्ये ते सुमारे १ कोटी ७० लाखांवर गेले. यातली बरीचशी वाढ खरीच होती. हप्त्याचे पैसे नसल्याने जे विम्यापासून दूर राहत, ते लहान शेतकरी आत आले. पण त्यांच्याबरोबर तणही उगवले. सरकारी जमिनींवर, देवस्थानच्या जमिनींवर, बागच नसलेल्या रानांवर विमा उतरवल्याचे आढळले. कुणाच्या जमिनीवर भलत्याच माणसाने अर्ज भरले होते. काही ठिकाणी एक रुपयाच्या अर्जाला शंभर-शंभर रुपये उकळले गेले. चौकश्या झाल्या, काही केंद्रांवर कारवाई झाली आणि अखेर २०२५ च्या खरिपापासून एक रुपयाची सवलत बंद होऊन जुना हिस्सा पुन्हा लागू झाला.

नुकसान कुणाचे झाले? खोटे अर्ज भरणारे थोडे. सवलत गेली ती सगळ्यांची. पैसे अर्जाच्या संख्येवर ठरले होते, म्हणून अर्ज वाढले. अर्ज खरा आहे का, पीक तेच आहे का, हे तपासायला ओळींतून फिरणारा माणूस वेळेवर नव्हता. सगळे केंद्रचालक लबाड नव्हेत. रात्री बारापर्यंत जागून, सर्व्हर बंद पडला तरी न कंटाळता, लोकांचे अर्ज नीट भरून देणारी पुष्कळ मुले मी पाहिली आहेत. पण नीट भरलेल्या अर्जाला आणि कसातरी भरलेल्या अर्जाला एकच मोल असेल, तर नीट भरणारा किती दिवस टिकेल?

कसातरी भरलेला अर्ज घराला काय भोवतो, तेही सांगतो. माझ्या भागातल्या एका विधवा बाईंच्या रानात कपाशी होती. केंद्रात गर्दी होती. आदल्या वर्षीचा अर्ज समोर ठेवून तसाच पुढे ढकलला गेला आणि त्यात पीक पडले सोयाबीन. ई-पीक पाहणीत कपाशीची नोंद होती. भरपाईची वेळ आली तेव्हा दोन्ही नोंदी जुळेनात आणि बाईंचे पैसे अडकले. अर्ज भरला गेला तेव्हाच केंद्राचे काम संपले होते. बाईंचे हेलपाटे तिथून पुढे सुरू झाले. पावती घरात होती, पण तिच्यावर पीक कोणते लिहिले आहे हे कुणी वाचलेले नव्हते.

जिथे नफा नाही, तिथे कोण येणार?

खासगी हाताची आणखी एक मर्यादा आहे. उक्तेदार सोपे रान आधी घेतो. खडकाळ रानाला तो दर वाढवून मागतो, नाहीतर येतच नाही. बीड जिल्ह्यात हेच घडले. वरचेवर दुष्काळ आणि मोठी भरपाई, त्यामुळे २०२० च्या खरिपाला तिथे विमा उतरवायला कंपन्या पुढे येईनात. शेवटी सरकारी मालकीच्या भारतीय कृषी विमा कंपनीने ते काम घेतले आणि त्यासाठी निराळी अट ठरली. तिलाच लोक 'बीड पॅटर्न' म्हणतात.

ही अट समजायला सोपी आहे. हप्त्यापोटी शंभर रुपये जमले असे धरा. भरपाई एकशे दहा रुपयांपर्यंत गेली तर ती कंपनीने सोसायची, त्यावरची सरकारने. उलट भरपाई साठच रुपये झाली, तर उरलेल्या चाळिसातले वीस रुपये कंपनीने ठेवायचे आणि वीस सरकारला परत करायचे. म्हणजे तोट्यालाही बांध आणि नफ्यालाही बांध. पुढे राज्यभर याच धर्तीवर काम चालले. करार करताना दोन्ही बाजूंचे बांध घातले, तर अवघड रानालाही कुणीतरी हात लावतो, हे यातून दिसले.

या सगळ्यात एक काम सरकारी माणसांकडेच राहिले, ते म्हणजे पीक कापणी प्रयोग. मंडळात उत्पादन किती आले हे ठरवायला कृषी, महसूल आणि ग्रामविकास खात्याची माणसे शेतात जाऊन कापणी आणि मोजणी करतात. काटा आपल्या हाती ठेवावा म्हणतात, तो असा. म्हणूनच गावात कापणी प्रयोग असेल त्या दिवशी शेतकऱ्यांनी आवर्जून हजर राहावे. भरपाई ठरवताना तो काटा धरला जातो.

आमच्या खात्यापुरते

आमच्या कृषी विस्ताराच्या कामातही खासगी हात केव्हाच आला आहे. एका कृषी सहायकाकडे, म्हणजे आताच्या सहायक कृषी अधिकाऱ्याकडे, अनेक गावे असतात. तो प्रत्येकाच्या बांधावर दर आठवड्याला पोचू शकत नाही. कृषी सेवा केंद्राचा दुकानदार मात्र रोज भेटतो. पिवळे पडलेले पान घेऊन शेतकरी पहिल्यांदा त्याच्याकडेच जातो.

दुकानदाराचा सल्ला फुकट असतो, पण त्याची किंमत बाटलीत धरलेली असते. "यंदा फवारायची गरज नाही" असे सांगून त्याला काहीच मिळत नाही. म्हणून दुकानदारांना दोष देत बसण्यापेक्षा त्यांना शिकवावे, असा विचार झाला. हैदराबादच्या 'मॅनेज' या केंद्र सरकारच्या संस्थेने २००३ साली निविष्ठा विक्रेत्यांसाठी एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम काढला. 'देसी' या नावाने तो ओळखला जातो. शिकलेला दुकानदार गावाला उपयोगी पडतोच. तरी निर्णय मोठा असेल, म्हणजे महागडे औषध, नवे वाण किंवा नवी बाग, तर ज्याला त्यात काही विकायचे नाही अशा माणसाचेही मत घ्यावे. कृषी विज्ञान केंद्र, विद्यापीठाचे शास्त्रज्ञ आणि आमचे खाते त्यासाठीच आहे.

घरच्या माणसांनी काय करावे

सरकारने करार कसे करावेत ते सरकार पाहील. ओळींतून फिरायचे काम मात्र आपलेही आहे. हे काम घरातली शिकलेली मुलगी किंवा सून सगळ्यांत चांगले करते, असा माझा अनुभव आहे. पुढील गोष्टी तिला वहीत उतरवून ठेवायला सांगा.

१. केंद्रात दरफलक लावलेला असतो. तो वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. जास्त मागितले तर पावती मागावी. पावतीचे नाव काढले की दर आपोआप खाली येतो.

२. अर्ज पाठवण्यापूर्वी पडद्यावर तो वाचून घ्यावा. नाव, गट क्रमांक, क्षेत्र, पीक आणि बँक खात्याचा क्रमांक या पाच गोष्टी बोट ठेवून तपासाव्यात. मागे रांग असली तरी घाई करू नये.

३. ई-पीक पाहणी हंगामाच्या मुदतीत करावी. ही सोय १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली असून ती शेतकऱ्याला स्वतःच्या मोबाइलवरून करता येते. विम्याच्या अर्जात आणि पाहणीत एकच पीक हवे.

४. मोबाइलवर येणारा ओटीपी कशासाठी आहे ते विचारल्याशिवाय सांगू नये. बँकेचे पासबुक आणि आधार कार्ड केंद्रात ठेवून येऊ नये.

५. उत्पन्न, जात, रहिवास यांच्या दाखल्यांसाठी लागणारे प्रतिज्ञापत्र साध्या कागदावर चालते. पाचशे रुपयांचा मुद्रांक लागत नाही, असे महसूल विभागाने मार्च २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. मुद्रांकाच्या नावाखाली कुणी पैसे घेत असेल तर हे दाखवून द्यावे.

६. अर्जाची पोच घ्यावी. तिच्यावरचा क्रमांक आणि तारीख वहीत लिहावी, आणि शेजारी काम होण्याची मुदत लिहावी. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत पंधरा दिवसांची आहे.

या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व फार आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ सालापासून लागू आहे. कोणती सेवा किती दिवसांत आणि कोणत्या अधिकाऱ्याने द्यायची, हे प्रत्येक कार्यालयाने फलकावर लिहिले पाहिजे. मुदतीत काम झाले नाही किंवा अर्ज फेटाळला, तर तीस दिवसांच्या आत पहिले अपील करता येते. त्यानंतर दुसरे, आणि तिसरे थेट राज्य सेवा हक्क आयोगाकडे. विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण अपील करायचे तर पोच हवी. "साहेब, अर्ज दिला होता" एवढ्या तोंडी बोलण्यावर काही होत नाही. मुलीच्या कॉलेजप्रवेशासाठी दाखला हवा आणि शेवटची तारीख चार दिवसांवर आली, अशा वेळी त्या एका चिठ्ठीची किंमत कळते.

ग्रामसभेतही हा विषय काढावा. आपल्या गावच्या केंद्रातून किती अर्ज गेले, किती दाखले मुदतीत आले, किती परत आले आणि का, एवढे चार प्रश्न वर्षातून दोनदा विचारले तरी पुष्कळ फरक पडेल. चांगले काम करणाऱ्या केंद्रचालकाचे त्याच सभेत नाव घेऊन कौतुकही करावे. त्यालाही हुरूप येतो आणि दुसऱ्यावर वचक राहतो.

उक्ते काम वाईट नसते आणि रोजाचे कामही वाईट नसते. रान तणमुक्त होते ते मालक बांधावर उभा असला म्हणजे. सरकारी कामाचे मालक आपणच आहोत. पुढच्या वेळी केंद्रात जाल तेव्हा पिशवीत चष्मा आणि वही, दोन्ही टाकायला विसरू नका.